घरची बॅटरी

नाटे गावात एका रविवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास साळवीकाकांच्या गाडीतली दुसरी बॅटरी उतरली. शालनकाकू आत झोपल्या होत्या. त्यांचं श्वासाचं यंत्र त्या बॅटरीवर चालत होतं. काका बंदरावर गेले होते. मी गाडीच्या पायरीवर बसले होते.

काकांना जाऊन आता तीन वर्षं होतील. त्यांच्याविषयी लिहायला बसले की दर वेळी मी या पाच वाक्यांपाशी अडायची. आज ती आधीच लिहून टाकली आहेत. आता बाकीचं लिहिता येईल असं वाटतं.

रत्नागिरीत नाचण्याच्या चढावर आमची दोन घरं. मध्ये जांभ्या दगडांचा गुडघाभर उंचीचा गडगा, तोही एका जागी येण्याजाण्यासाठी पाडलेला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. आई गेल्यापासून घरात एकटी. पलीकडे साळवीकाका आणि काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. काका टेलिफोन खात्यातून अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले. एक्स्चेंजमध्ये एक बंद खोली असते, तिथे काचेच्या मोठाल्या बरण्यांसारख्या बॅटऱ्यांची रांग मांडलेली असते आणि गावातली वीज गेली तरी टेलिफोन त्यांच्यावर चालू राहतात. त्या खोलीत काकांची सत्तावीस वर्षं गेली. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना पोटावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. ॲसिडचे थेंब उडून पडलेली. काकू म्हणत, "हे उन्हात उभे राहिले की पोटावर चांदण्या दिसतात."

काका भित्रे होते. यात मी त्यांचं काही उणं काढत नाही, ते स्वतःच तसं सांगत. माडाखाली कधी उभे राहत नसत. कुठेही थांबायचं झालं तर आधी मान वर करून बघत, मग पाऊल थांबवत. विहिरीत वाकून बघत नसत. गॅसची शेगडी बंद केली की नळीला हात लावून बघत, दाराला कुलूप लावलं की ते दोनदा ओढत आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा ओढत. ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला येत ते फक्त अपघाताच्या बातम्या वाचायला. वाचून झालं की चष्मा पुसत मला सांगत, "निर्मला, माणूस मरतो ना, त्याच्या आधी कुणीतरी काहीतरी बघायचं राहिलेलं असतं. नेहमी."

मी म्हणायची, "काका, सगळं कुणाला बघता येतं?"

"नाही येत. म्हणून तर भीती वाटते."

बॅटरीबद्दल मात्र ते फार मायेने बोलत. बॅटरी चार्ज करून काढली की तिला लगेच मीटर लावायचा नाही, हा त्यांचा नियम. "तेव्हा ती खोटं बोलते. नुकतं पोटभर जेवलेल्या माणसाला विचारा, कसा आहेस, तो उत्तमच म्हणणार. तासभर गप्प पडू द्यायची. मग विचारायचं. मग खरं सांगते." हा नियम ते माणसांनाही लावत. आई गेली तेव्हा सगळे जण मला येऊन येऊन विचारत होते, कशी आहेस, काय ठरवलंस. काका तेरा दिवस गडग्यापलीकडे नुसते उभे राहून जात. पंधराव्या दिवशी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "हं. आता सांग."

काकू अगदी उलट. नाट्याच्या. बंदरात वाढलेल्या. मोठ्याने बोलायच्या, मोठ्याने हसायच्या आणि नवऱ्याच्या भित्रेपणाची चारचौघांत बिनदिक्कत थट्टा करायच्या. "लग्नात सप्तपदी चालताना ह्यांनी खाली बघून बघून पावलं टाकली. मला वाटलं लाजतायत. तर पाट हलतोय का ते बघत होते."

त्यांना स्नायूंचा आजार जडला तो काका निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी. आधी जिना चढवेना. मग केस विंचरताना हात वर राहीनात. मग श्वास. बसून असल्या की त्यांचं ठीक असे. आडव्या झाल्या की श्वास पुरत नसे, आणि झोप लागली की छाती आपलं काम जणू विसरूनच जाई. मुंबईच्या डॉक्टरांनी एक यंत्र दिलं. पोळ्यांच्या डब्याएवढं, त्याला नळी, नळीला नाकातोंडावर बसणारा रबरी मुखवटा. ते आत हवा ढकलायचं. हुस्स, मग थोडं थांबून पुन्हा हुस्स. बसायचा थकवाही त्यांना लवकर येई, त्यामुळे दुपारी दोन तास आडवं व्हावंच लागे. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, झोपेत यंत्र बंद पडता कामा नये. हे वाक्य काकांनी मला जसंच्या तसं सांगितलं.

ती भारनियमनाची वर्षं होती. वीज ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळीही जायची. काकांनी काकूंच्या कॉटखाली बॅटरी बसवली आणि आपलं उरलेलं आयुष्य तिच्या शेजारी मांडलं. ओट्यावर बसलेले असले तरी त्यांचा एक कान आत असे. बोलताबोलता मध्येच गप्प होत. दोन हुस्स ऐकत. मग वाक्य पुढे चालू करत.

गाडीची कल्पना काकूंची, आणि ती चेष्टेत निघाली. एकदा मी गेले होते तेव्हा त्या उशाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "गो निर्मला, ह्या आढ्याला किती कौलं आहेत विचार मला. तीनशे बारा. त्यातली चार फुटकी."

"काकू, बाहेर कुठे जायचं का? रिक्षाने?"

"जाऊ की. समुद्र बघायला. नाट्याचा."

काका दारातून म्हणाले, "नाटं काय इथे आहे? जायला यायला दिवस. दुपारी तुला आडवं व्हायचं झालं तर?"

"तर गाडीत निजेन. तुमच्या त्या बॅटरीसकट."

काकू हसल्या. काका हसले नाहीत. ते माजघरात गेले आणि तिथून त्यांचा टेप सरकवल्याचा आवाज आला. ते कॉट मोजत होते.

दोन महिन्यांनी दारात एक जुनी मॅटॅडोर व्हॅन येऊन उभी राहिली. आधी एका बेकरीची होती. पुढेही कितीतरी दिवस तिच्यात बटरचा वास यायचा. घराबाहेर पडताना तीनदा कुलूप ओढणारा माणूस बासष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकला. ताशी तीसच्या वर त्यांनी ती कधी नेली नाही. मागच्या भागात फळ्यांची कॉट, खिडक्यांना जाळी, एक छोटा पंखा, पाण्याचं पिंप, आणि कॉटखाली दुसरी बॅटरी. पुढची बॅटरी गाडीची, मागची घरची, असं ते म्हणत. "गाडीच्या बॅटरीने घरचं काम करायचं नाही आणि घरच्या बॅटरीने गाडीचं करायचं नाही. नाहीतर दोन्हीकडून जाऊ." दोघींच्या मध्ये एक तांबडी दांडी होती. घरची बॅटरी दगा देतेय असं दिसलं तर दांडी खाली ओढायची, की यंत्र गाडीच्या बॅटरीवर चालू लागे. दांडीशेजारी एक गोल मीटर, त्यात काटा. काटा बाराच्या वर असला की ठीक.

काकूंना आत निजवण्याआधी ते स्वतः निजले. आठ दुपारी लागोपाठ दारात उभ्या गाडीत, काकूंच्या जागी, तोंडावर मुखवटा लावून. काकू ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मी जिवंत असताना माझ्या जागी निजून बघतायत." नंतर त्यांनी यंत्र रिकामंच चालू ठेवलं आणि बॅटरी किती टिकते ते घड्याळ लावून पाहिलं. सात तास दहा मिनिटं.

"म्हणजे सात तास बिनघोर," मी म्हटलं.

"तीन," काका म्हणाले. "निम्म्यापलीकडची बॅटरी आपली समजायची नाही. ती तिची तिला."

पहिली सफर गणपतीपुळ्याची. मी रजा काढून गेले, कारण काकूंना उठायला-बसायला दुसरं बाईमाणूस लागे. तासाभराच्या रस्त्याला आम्हाला अडीच तास लागले. पुळ्याला पोचल्यावर काका जागा शोधत फिरले. एका जागी वर माड, एका जागी चढ, एका जागी कुणाच्या तरी टेम्पोचा धूर. शेवटी एका सपाट मोकळ्या जागी गाडी लावली, चारही चाकांना जांभ्याचे चिरे लावले, वर बघितलं, खाली बघितलं आणि मगच मागचं दार उघडलं. काकूंनी खुर्चीतून समुद्र बघितला. मग म्हणाल्या, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, ठाऊक होतं. पण विंचूच इतका घाबरट, हे पहिल्यांदा बघत्ये."

त्या दिवशीची एक गोष्ट काकू पुढे सगळ्यांना रंगवून सांगत. जेवणं झाली, काकू आडव्या झाल्या, यंत्र सुरू झालं. काका दांडीजवळ स्टुलावर. तेवढ्यात पुण्याकडचा एक तरुण गृहस्थ आला. गाडीतला पंखा त्याने बाहेरून पाहिला होता.

"काका, तुमच्याकडे वीज आहे वाटतं. मोबाईल लावू का पाच मिनिटं? अगदीच संपलाय."

"नाही," काका म्हणाले.

"अहो, एक मोबाईल. त्याला काय लागतं?"

काका उठून दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "जे काय लागतं ते आत मोजून ठेवलंय. मोबाईल तुमचा आहे. श्वास आमचा आहे."

त्या गृहस्थाने आत डोकावून बघितलं आणि तो ओशाळला. काकूंनी मुखवटा बाजूला करून हाक मारली, "अहो, त्याला सरबत तरी द्या. कोकमाला बॅटरी लागत नाही."

त्याला सरबत मिळालं. पण काका दारातून हलले नाहीत. सरबत मी दिलं.

अशा सहा-सात सफरी झाल्या. पावस, भाट्याचा किनारा, एकदा आरे-वारे. काकांची भीती कमी झाली असं मी म्हणणार नाही. उलट तिला रोजचं काम मिळालं. सकाळी बॅटरीचं एक टोपण उघडून ते काचेच्या नळीने आतलं ॲसिड ओढून बघत, नळीतला तरंगता दांडा कुठवर येतो ते पाहत, आणि आकडा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहीत. बॅटरीत सहा कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. काका रोज एकच सेल बघत, दाराजवळचा पहिला. बाकीचे पाच फळीखाली होते. ते शनिवारी, फळी उचलून.

मी एकदा विचारलं होतं, एकच का?

"एक्स्चेंजची रीत. पंचवीस सेल रोज कोण मोजणार? एक ठरवून ठेवायचा, तो बाकीच्यांच्या वतीने बोलतो. सगळे आठवड्यातून एकदा. सत्तावीस वर्षांत एकदाही गाव मुकं झालं नाही."

नाट्याला जायचं ठरलं तो शनिवार गडबडीचा होता. काकूंच्या माहेरी पुरणाच्या आणि माशांच्या दोन्ही तयाऱ्या चालल्याचा निरोप आला होता. सकाळी डॉक्टरांकडे जाणं झालं, दुपारी गाडीचं एक चाक बदललं, संध्याकाळी काकूंना बरं वाटेना आणि मग बरं वाटलं. फळी उचलायची राहिली. रविवारी सकाळी काकांनी पहिला सेल पाहिला. तो उत्तम होता.

काकूंच्या भावाचं घर बंदराच्या वरच्या अंगाला, पण खाली उतरायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. काकूंना ती उतरणं शक्य नव्हतं. गाडी वरच एका आंब्याखाली लावली आणि माहेर पायऱ्या चढून वर आलं. भाऊ, वहिनी, भाचरं, शेजारच्या दोन म्हाताऱ्या. काकू खुर्चीत बसून सगळ्यांना नावानिशी हाका मारत होत्या. कुणाची होडी बुडाली, कुणाची सून पळाली, सगळं त्यांना विचारायचं होतं. इतकी नावं त्या दिवशी त्यांच्या तोंडात होती. नंतर मला त्या नावांची फार आठवण झाली.

दीड वाजता त्या आडव्या झाल्या. माणसं खाली गेली. पावणेतीनला होड्या लागल्याची हाक खालून आली तेव्हा काकू अर्धवट जाग्या होत्या.

"अहो, बांगडे आणा. इथलेच. माझ्या भावाच्या हातचे नकोत, तो फुकट देईल नि शिळे देईल. तुम्ही निवडून आणा."

"मी इथून हलणार नाही."

"निर्मला आहे ना."

"निर्मला वाचत बसेल. तिला वाचताना घर जळलं तरी कळायचं नाही, हे तूच म्हणतेस."

"मेलं, दहा मिनिटांची तर वाट. भ्यायचं ते किती. मी माहेरी आल्ये हो, मला माझ्या बंदरातला मासा हवाय."

काका उठले. मला दांडीजवळ नेऊन म्हणाले, "पाच-पाच मिनिटांनी काटा बघ. बाराच्या खाली दिसला की दांडी ओढ. विचार करत बसू नकोस, मला हाक मारायला जाऊ नकोस. आधी दांडी." मग पाखाडीच्या तोंडाशी जाऊन परत आले आणि तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा यायला निघाले तेव्हा आतून काकू म्हणाल्या, "कुलूप नाहीये ते. माणूस आहे. जा."

तीन वाजता मी काटा पाहिला. साडेबारा. मी पायरीवर येऊन बसले आणि पुस्तक उघडलं. पाच मिनिटांनी उठायचं होतं. मी अकरा पानं वाचली. ती अकरा पानं कुठली ते मला माहीत आहे. त्यात काय होतं ते मात्र आठवत नाही.

आंब्याच्या पानांत वारा होता. यंत्राचा आवाज थांबलेला मला कळला नाही.

तो काकांना पाखाडीच्या वरच्या पायरीवर कळला. मी मान वर केली ती त्यांच्या हातातून पिशवी पडली म्हणून. ते माझ्याकडे न बघता माझ्या अंगावरून आत गेले. पुस्तक पायरीवर पालथं पडलं. मी आत गेले तेव्हा त्यांनी दांडी ओढली होती, मुखवटा काढला होता आणि काकूंना काखेत हात घालून बसवलं होतं. काकूंचे ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते. काका त्यांच्या पाठीवर थापा मारत एकच शब्द म्हणत होते, शालन, शालन. ओरडत नव्हते. खोलीत कुणी झोपलं असताना बोलावं तसे हलक्या आवाजात म्हणत होते. मग काकूंनी एक श्वास घेतला. पुष्कळ वेळाने दुसरा.

इस्पितळात त्यांना नऊ दिवस ठेवलं. काकू वाचल्या. पण घरी आल्या त्या वेगळ्याच. त्यांना शब्द सापडेनात. मला बघून चेहरा उजळे, तोंड उघडे, आणि नाव येत नसे. पाणी हवं असेल तर 'ते' म्हणत, खिडकी हवी असेल तरी 'ते'. ज्या बाईने आयुष्यभर नवऱ्याला बोलून बोलून हैराण केलं ती आता एकेक शब्द अंधाऱ्या फडताळात हात घालून शोधावा तशी शोधत असे. कधी एखादा सापडे. तेव्हा दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत.

काकांनी गाडीतली बॅटरी काढून अंगणात आणली, सहाही टोपणं उघडली आणि पाचव्या सेलमध्ये नळी घातली. दांडा तळाशीच राहिला. त्या दिवसापासून जो भेटायला येई त्याला ते ती बॅटरी दाखवत. "पाचवा सेल मेला होता. बाकीचे पाच त्याला ओढत होते, म्हणून काटा चांगला दिसत होता. त्यांची ताकद संपली आणि एकदम बसली. पहिल्या सेलवर मी विसंबलो. शनिवारी फळी उचलली नाही. माझ्या हातून झालं." काकूंच्या भावालाही असंच सांगितलं. डॉक्टरांनाही. मी शेजारी उभी असताना सांगितलं. गाडीत त्या वेळी काट्याजवळ कुणी होतं का, हे कुणी विचारलं की ते म्हणत, "मीच जायला नको होतं."

मी गप्प राहिले. मी रोज गडगा ओलांडून जात होते, काकूंचे केस विंचरत होते, आणि काका कधीतरी विचारतील म्हणून भीत होते. संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसत. ते भारनियमनाविषयी बोलत, नव्या बॅटरीविषयी बोलत. त्या दुपारविषयी काही विचारत नसत. अशी आठ महिने मी रोज त्या प्रश्नाची वाट पाहिली.

गाडी पुन्हा बाहेर काढायची नाही असं काकांनी ठरवलं होतं. ती काढायला लावली काकूंनी. एका सकाळी त्यांनी खिडकीकडे बोट केलं, म्हणाल्या, "ते." काकांनी पाणी दिलं. मान हलली. पंखा लावला. मान हलली. मग काकूंनी डोळे मिटून पुष्कळ खटपट केली आणि म्हणाल्या, "समुद्र."

पुढच्या रविवारी आम्ही पावसला गेलो. नवी बॅटरी; सहाही सेल आदल्या दिवशी आणि त्या सकाळी बघितलेले. एका ओळखीच्या बागाईतदाराच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत, समुद्र दिसेल अशा कडेला गाडी लावली. काका फार थकले होते. आठ महिन्यांत त्यांची मान बारीक झाली होती आणि सदरा खांद्यावरून घसरायचा. काकू आडव्या झाल्या. यंत्र सुरू झालं. मी बाहेर उभी राहिले. आत जायची मला हिंमत नव्हती. पुस्तक मी आणलंच नव्हतं.

काकांनी दारातून हाक मारली. "निर्मला, इथे ये. स्टुलावर बस."

"काका, मला नका सांगू. मी..."

"काटा बघ. बाराच्या खाली गेला तर दांडी ओढ."

मी तिथेच उभी राहून म्हणाले, "काका, त्या दिवशी मी काटा बघितला नाही. मी वाचत होते."

ते म्हणाले, "ठाऊक आहे मला. पुस्तक पालथं पडलेलं मी बघितलं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पाचवा सेल बघायचं काम माझं. ते मी केलं असतं तर तू शंभर पानं वाचली असतीस तरी काही झालं नसतं." थोड्या वेळाने म्हणाले, "रागही आला होता. नाही असं नाही. पहिले दोन-तीन महिने तुझ्या हातचं पाणी घेताना यायचा. म्हणून म्हटलं, आत्ता काही विचारायचं नाही." मग त्यांनी चष्मा काढून खिडकीच्या चौकटीवर ठेवला. "बस आता. मला झोप आली आहे."

आणि साळवीकाका झोपले. काकूंच्या पायाशी, फळ्यांवर, गुडघे पोटाशी घेऊन, भरदुपारी. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी काट्यावरून नजर काढली नाही, तरी ते डोळ्यांच्या कडेला दिसत होते. तोंड थोडं उघडं. एक हात काकूंच्या पावलावर. मला इतकी भीती वाटत होती की स्टुलाच्या कडेला धरलेली माझी बोटं दुखत होती. काटा पावणेतेरावर होता. मग साडेबारावर आला आणि तिथे राहिला. कलमांत कुणीतरी पाचोळा गोळा करत होतं, त्याचा आवाज येत होता. यंत्र श्वास घेत होतं, काकू घेत होत्या, काका घेत होते. दोन तास मी ते तीन आवाज वेगवेगळे ऐकले.

ते जागे झाले तेव्हा त्यांनी आधी चष्मा लावला. मीटरकडे बघितलं नाही. मला म्हणाले, "चहा करतेस का?"

नीट बघितलेले काका ते एवढेच. त्यानंतर सहा आठवड्यांनी, सकाळी दाढी करताना, हृदय थांबून ते गेले. त्यांच्या बाबतीत कुणाचं काही बघायचं राहिलं होतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं काही सांगता येत नाही.

काकूंना भाऊ नाट्याला न्यायला आला होता. पण तिथून इस्पितळ लांब, आणि पाखाडी होतीच. गाडी त्याने नेली. काकू माझ्याकडे राहतात. त्यांना आता चाळीसएक शब्द येतात. माझं नाव आठवड्यातून एकदोनदा येतं. सकाळी मी सहा सेल बघते. दुपारी काकू झोपल्या की मी उशाशी बसते आणि वाचत नाही.